गालाचा कागद

चंद्रकला : साबण लावायचा नाही, बेसन लावायचं नाही, हळद लावायची नाही. मग तोंड धुवायचं तरी कशाला?

शीला : नुसत्या पाण्यानं धुवायचं, आई. स्वच्छ फडक्यानं टिपायचं आणि तासभर तसंच ठेवायचं. हात फिरवायचा नाही, पदर लावायचा नाही, तेल तर अजिबात नाही.

चंद्रकला : आणि तासानं काय होतं? देव दिसतो?

शीला : तासानं पातळ कागद दाबायचा. कागदाला तेल लागलं तर त्वचा तेलकट. नाही लागलं तर कोरडी. कुठं लागलं, कुठं नाही, तर मिश्र. घरच्या घरी कळतं.

चंद्रकला : कातडीला प्रकार असतात हे मला साठीला आल्यावर सुनेकडून कळतंय. प्रकार जमिनीला असतात. भाताचं खाचर, नागलीचा वरकस, आणि ज्यात काहीच येत नाही तो माळ. माणसाच्या कातडीचे दोनच. सावलीतली आणि उन्हातली. माझी उन्हातली. झाली तपासणी. जा, भात टाक.

शीला : भात झाला. भाजी झाली. यांचा डबा सकाळीच शाळेत गेला. आता तुम्ही फक्त बसायचं.

कोंडी : बस की बाय. सून एवढी सांगते तं. खुरासणी काय मी एकटी पाखडत नाय?

चंद्रकला : कोंडे, तू सूप हलव. जीभ नको.

कोंडी : दोन्ही हलतात माझे. चाळीस वरसं तुझ्या दारात पाखडते, कदी दाना कमी आला का?

शीला : आई, शेजारच्या सकूकाकूंनी पण केली काल.

चंद्रकला : सकूनं? काय निघालं तिचं?

शीला : तेलकट.

चंद्रकला : निघणारच. जिभेपासून सुरू होतं तिचं तेल. आण तो लोटा. सकूपेक्षा तरी बरी निघेन.

शीला : लोटाच? बादली आणते ना. तोंड नीट धुवायला हवं.

चंद्रकला : लोट्यात नीट होतं. आमच्यात पाणी ओतायची रीत नाही. ... हं. झालं. बघ, थेंब खाली पडला? आता ते फडकं दे. किती वाजले?

शीला : सव्वाबारा.

चंद्रकला : म्हणजे सव्वाला सुटका. तू सारखी रस्त्याकडे काय बघतेस गं? कोणी यायचंय?

शीला : नाही. दीडची ठाणा गाडी आज वेळेवर आहे का, ते.

चंद्रकला : ठाणा गाडीशी तुला काय करायचंय?

शीला : आई! नाकाला हात लावलात.

चंद्रकला : माशी बसली तर हाकलू नको? कोंडे, इकडे ये, माशी हाकल. मी आता महाराणी झालेय.

कोंडी : बसू दे की माशीला. तिला पन कळंल तेलकट का कोरडी.

चंद्रकला : हात रिकामे ठेवून मी बसले ती गोरखच्या बाळंतपणात. तेही नऊ दिवस. दहाव्या दिवशी लावणीला उभी होते. इथं तासभर नुसतं बसायचं आणि त्याला म्हणायचं तपासणी. आमच्याकडे असल्या बाईला आळशी म्हणतात. कुठून काढलंस हे खूळ?

शीला : पेपरात आलं होतं. पुरवणीत.

चंद्रकला : पेपर आपल्याकडे येतो तो वडे बांधून. आणि त्यात वड्यांचं तेल असतं, माझ्या नाकाचं नाही. बघू तो कागद.

शीला : कागद नंतर. तास झाल्यावर.

चंद्रकला : आता का नाही? कागद लाजतो?

कोंडी : दाव की गं. मी पन बघते. माझी कातडी तपासायला सिमेंटच्या गोनीचाच कागद लागंल. दिवाळी झाली की चालले वसईला विटांच्या भट्टीवर. तिकडं तेल बी नाय न् पानी बी नाय, निसती राख.

शीला : तुमची पण करू, कोंडीमावशी. पण हे चारच तुकडे आहेत.

चंद्रकला : आण इकडे. ... हे कापलेले आहेत. कात्रीनं. चौकोनी. पेपरवाले कागद पण कापून देतात वाटतं? आणि वर पेन्सिलीनं लिहिलंय. क... पा... ळ. कपाळ. ना... क. गा... ल. ह... नु...

शीला : हनुवटी.

चंद्रकला : मला येतं वाचता. दुसरीपर्यंत गेलेय मी, आणि तिसरीत बसले असते तर तुझ्या नवऱ्यासारखी मास्तर झाले असते. हे अक्षर कोणाचं?

शीला : द्या ते कागद, आई. मळतील.

चंद्रकला : शीला, मी विचारतेय. हे अक्षर माझ्या कणगीवर आहे. चुन्यानं लिहिलेलं. ‘आईची कणगी’. असाच ग, असाच पाय ओढलेला. कोणाचं अक्षर हे?

(कोंडीचं सूप थांबतं.)

शीला : पुष्पाताईंचं.

कोंडी : आपली पुष्पी?

चंद्रकला : तू गप्प. कुठं भेटली तुला?

शीला : गणपतीत भावाकडे गेले होते ना ठाण्याला. ताईंनीच निरोप पाठवला होता भावाच्या दुकानात. मी गेले भेटायला.

चंद्रकला : गोरखला माहिती आहे?

शीला : हो.

चंद्रकला : वा. भावाला माहिती, भावजयीला माहिती, म्हणजे सकूला पण माहिती असणार. ज्या घरात मी कर्ती त्या घरात मलाच तेवढं माहिती नाही. सात वर्षं ज्या पोरीचं नाव घ्यायचं नाही असं सांगितलं होतं, तिचा कागद माझ्या नाकाला लावायला निघालीस? खोटं बोलून?

शीला : खरं सांगितलं असतं तर तुम्ही तोंड धुतलं असतं का?

चंद्रकला : उलट उत्तर देऊ नकोस.

शीला : नाही देत. पण ऐका तरी. ताई पार्लरमध्ये कामाला आहेत. संध्याकाळी कोर्स करतात. सोमवारी त्यांना वही द्यायची आहे. आपल्या घरातल्या तीन माणसांची त्वचा तपासायची आणि ते कागद वहीत चिकटवायचे. त्यावर मार्क मिळतात, आणि मग सर्टिफिकेट. बाकीच्या मुलींनी आई, आजी, बहिणी, सगळ्यांचे चिकटवले. ताईंच्या वहीत एकच पान भरलं होतं. स्वतःचं. दुसरं मी भरून दिलं.

चंद्रकला : मग तिसरं कोणा मैत्रिणीचं चिकटव म्हणावं.

शीला : मी तेच म्हणाले. त्या म्हणाल्या, वहिनी, पानाच्या वर नातं लिहावं लागतं. आणि त्यांनी ते आधीच लिहून ठेवलंय. पेनानं. ‘आई’. खाली चार चौकोन आखलेत. रिकामे.

चंद्रकला : रिकामेच राहू देत. दे ती तेलाची बाटली. कोंडे, ती खिडकीतली.

शीला : आई, नको. अर्धा तास झालाय. तेल लावलंत तर सगळं फुकट.

चंद्रकला : माझं कपाळ, माझं तेल. लग्न झाल्यापासून रोज खुरासणी लावते. आज एक दिवस चुकलं तर डोकं चढलंय. दे.

कोंडी : घे बाटली. लाव. तवा पोरीला पीठ लावलंस, आता तू तेल लाव.

शीला : पीठ? कसलं पीठ?

चंद्रकला : कोंडे, तुझं तोंड...

कोंडी : माझं तोंड काळं हाय, पन उघडं हाय. सांग सुनेला. नायतं मी सांगते.

चंद्रकला : तू सांगशील ते वाकडंच सांगशील. मीच सांगते. पाहुणे आले होते जव्हारहून. मुलगा कारकून, घराला स्लॅब. पुष्पी माझ्यावर गेलेली. तुला दिसतंच आहे माझं ध्यान. त्याआधी दोन ठिकाणांहून उत्तर आलं होतं, मुलगी चांगली, पण रंग कमी. म्हणून म्हटलं, जरा पावडर लावू. डब्यात चिमूटभर उरली होती.

शीला : मग?

चंद्रकला : मग काय. तांदळाचं पीठ मिसळलं त्यात. बारीक, फडक्यातून गाळलेलं. पांढरं ते पांढरंच. कोणाला कळतंय?

कोंडी : मे म्हयना. वर पत्रा. आन् पोरगी चहाचा ताट घेऊन हुबी.

चंद्रकला : घाम आला. पीठ भिजलं. मग वाऱ्यानं वाळलं. आणि ती बोलायला गेली तसं तडकलं. इथून इथपर्यंत.

कोंडी : कुडाच्या भिंतीवरचा पांढरा कसा सुटतो, तसा.

चंद्रकला : मुलाचा मामा होता जाडा. तो म्हणाला, मुलगी दाखवताय की भिंत? आता फक्त लग्नाचा चौक लिहायचा राहिला हिच्यावर. सगळे हसले.

कोंडी : सगळे म्हंजी?

चंद्रकला : पाहुणे.

कोंडी : आजून?

चंद्रकला : सकू हसली. दारात उभी होती.

कोंडी : आजून कोन?

शीला : कोंडीमावशी, राहू द्या.

चंद्रकला : मी हसले. ऐकलंस? मी पण हसले. पाहुणे हसताना घरातली बाई गप्प बसली तर अपमान झाला असं दिसतं. हसलं की गंमत झाली असं दिसतं. मला वाटलं, गंमत करून टाकावी. हसले नसते तर रडले असते, आणि जव्हारच्या लोकांसमोर मी रडणारी नव्हे.

कोंडी : रडली असतीस तं पोर ऱ्हायली असती.

शीला : आणि ताई?

चंद्रकला : तिनं ताट खाली ठेवलं. अंगणात गेली. भरलेला हंडा उचलला आणि सगळ्यांसमोर तोंडावर ओतला. अख्खा. मग वळून उभी राहिली. पाणी गळतंय, आणि तोंड जसं आहे तसं. म्हणाली, ही मी. आता बघा.

कोंडी : तो हंडा मी भरलेला. मे म्हयन्यात, खालच्या डोहावरून. तीन चढ चढून. मी काय बोलले नाय. म्हनलं, ओत बाय.

चंद्रकला : तू नाही बोललीस. मी बोलले. पोरीला मी शेवटचं काय म्हणाले माहिती आहे शीला? म्हणाले, ‘अगं पाणी!’ एवढंच. ‘अगं पाणी!’ ती तशीच ओल्या तोंडानं रस्त्याला गेली. पदर पण नाही लावला. ठाणा गाडी उभीच होती फाट्यावर.

शीला : त्यांनी मला यातलं काही सांगितलं नाही.

चंद्रकला : नाही?

शीला : पिठाचं नाही, पाहुण्यांचं नाही. फक्त विचारलं, आई अजून कपाळाला खुरासणीचं तेल लावते का. म्हणाल्या, पार्लरमध्ये पन्नास तेलांच्या बाटल्या आहेत, सगळ्यांना वास येतो, पण झोप येईल असा वास एकीला नाही.

चंद्रकला : माझ्या कुशीत झोपायची. आठवीत गेली तरी. कपाळाला कपाळ लावून. सकाळी उठली की तिच्या कपाळावर माझं तेल. मी ओरडायचे, काळी त्यात तेलकट. रंग तिनं काय बाजारातून आणला होता? माझाच होता. मला बघायला आले तेव्हा माझ्या आईनं कंदील बारीक केला होता. माझा होणारा सासरा म्हणाला, वात वर करा. आई म्हणाली, रॉकेल संपलंय. कसं विसरले मी ते? पिठाच्या वेळी कसं नाही आठवलं?

कोंडी : आता आठवलं कनी.

चंद्रकला : आता आठवून काय उपयोग.

कोंडी : सांगू का सुनेला, तू मोखाड्याच्या बाजारला काय करतंस ते?

चंद्रकला : बाजार करते.

कोंडी : बाजार मी करते. ही स्टँडवर बसते, पिशवी मांडीवर घेऊन. ठाना गाडी येते, सगळी मानसं उतरतात, शेवटचा मानूस उतरला की मंग ही उठते. सात वरसं. हर बाजारला.

चंद्रकला : उशिरा भाजी स्वस्त होते.

कोंडी : व्हय. आन् मिरच्या ठान्याच्या गाडीतून उतरतात.

शीला : म्हणूनच कणगी सारवताना तुम्ही तेवढी जागा सोडता. मला वाटायचं, चुना उखडेल म्हणून.

चंद्रकला : तुला फार दिसायला लागलंय हल्ली. वाजले किती?

शीला : एकला दहा कमी.

चंद्रकला : अजून पंचवीस मिनिटं?

शीला : चालेल, आत्ता करू हवं तर.

चंद्रकला : तास म्हणजे तास. अर्धवट काम तिच्या वहीत जायचं नाही. मार्क कमी पडले तर म्हणेल, आईमुळे. ती बाटली लांब ठेव. कोंडे, माशी.

कोंडी : हाकलते. महारानी.

चंद्रकला : तिची स्वतःची कसली निघाली? वहीतल्या पहिल्या पानावर.

शीला : आधी सांगत नाही. तुमची बघू, मग सांगते.

चंद्रकला : बारीक झालीय का?

शीला : आहेत बऱ्या. केस कापलेत खांद्यापर्यंत.

चंद्रकला : कंबरेच्या खाली होते. मी विंचरायचे. ... काही लावते का तोंडाला? तिथं सगळं फुकट मिळत असेल.

शीला : काही नाही लावत. पावडरसुद्धा नाही. बायका विचारतात म्हणे, पार्लरवाली असून तुझंच तोंड कोरं कसं?

चंद्रकला : काय सांगते मग ती?

शीला : हसतात नुसत्या.

चंद्रकला : हं.

कोंडी : पाखडून झाली माझी. चार पायली निघंल. एवढा वेळ ही गप्प बसलेली मी पयल्यांदा बघते.

शीला : सव्वा झाला, आई. मान वर करा. आधी कपाळ. दाबते हं. ... हे बघा. उजेडाकडे धरा.

चंद्रकला : हा डाग माझा?

शीला : तुमचा. कागद कसा आरपार झालाय बघा. आता नाक. ... हे पण तेलकट. हनुवटी... थोडंसं. आता गाल.

चंद्रकला : काय आलं?

शीला : काही नाही. कोरा.

चंद्रकला : नीट लाव.

शीला : नीटच लावला. गाल कोरडे आहेत तुमचे. म्हणजे मिश्र त्वचा. कपाळ, नाक तेलकट, गाल कोरडे. आणि आता सांगते, पुष्पाताईंची पण अशीच. अगदी अशीच. तेच चार कागद आहेत जणू.

चंद्रकला : विचारून नेलं नाही माझ्याकडून.

कोंडी : पीठ लावून जातं व्हय ते?

चंद्रकला : कोंडे, आज तुला दोन शेर जास्त देणार होते. आता विचार करते.

शीला : मी पाकीट भरते, आई. मधु कंडक्टर आहे गाडीला, तो भावाच्या दुकानात देतो म्हणाला. दहाच मिनिटं आहेत.

चंद्रकला : थांब. हा गालाचा असाच पाठवणार?

शीला : हो. कोरडी त्वचा म्हणजे कोराच राहतो कागद.

चंद्रकला : तिला काय वाटेल? म्हणेल, आईनं तीन लावले आणि चौथा लावलाच नाही. कंटाळली. नाहीतर रागावली. कोरा कागद आणि न लावलेला कागद, फरक काय दिसतो?

शीला : त्यांना कळेल. कोर्सच तो आहे त्यांचा.

चंद्रकला : नाही कळणार. सात वर्षं मी कोराच कागद पाठवलाय तिला. तोही लावलेला होता. कळलं का कोणाला? दे इकडे.

शीला : आई, गाडीची वेळ झाली.

चंद्रकला : दे म्हणते ना. मी धरते. माझ्या हातानं. किती वेळ धरायचा असतो?

शीला : थोडाच. मोजून दहा आकडे.

चंद्रकला : मला आकडे नको सांगूस. ... कोंडे, रस्त्यावर जाऊन उभी राहा. गाडी दिसली की हात कर. मधुला म्हणावं, चंद्रकला येतेय, हलायचं नाही.

कोंडी : जाते. पन तू येशील तवा गालावरचा हात काढ, नायतं मधु म्हनंल दाढ दुखते.

शीला : आई, पुरे आता. काही नाही उमटायचं त्याच्यावर.

चंद्रकला : माहिती आहे. तुझ्याकडे पेन्सिल आहे?

शीला : आहे.

चंद्रकला : पाकिटात वेगळी चिठ्ठी घाल. लिही. मी सांगते तसंच लिही, तुझ्या पदरचं काही घालू नकोस.

शीला : सांगा.

चंद्रकला : पाणी लोटाभरच लागलं. ... नको, ते खोड. ते नको. लिही, तेल अजून तेच लावते.

शीला : लावते. पुढे?

चंद्रकला : तांदळाच्या पिठाच्या आता फक्त भाकऱ्या होतात.

शीला : होतात. हॉर्न वाजला, आई! कोंडीमावशी हात करतायत. द्या तो कागद.

चंद्रकला : घे. आणि ह्याच्याबद्दल लिही. गाल कोरडे निघाले.

शीला : निघाले. झालं?

चंद्रकला : लिही, कागद गाडी येईपर्यंत धरला होता.